उतरत्या भावाचे दिवस

गणपती गेले की आमचं लालबाग काही दिवस उघडंबोडकं दिसतं. मंडपांचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले, रोषणाईच्या जागी नुसत्या लोंबत्या तारा, आणि एवढ्या गजरानंतर कानात बसलेला दडा. मग पंधरवडा उलटतो आणि दुसरा हंगाम सुरू होतो. त्याला ना मूर्ती ना मिरवणूक. तो फोनमध्ये येतो. टिंग. ‘वर्षातला सर्वात मोठा सेल.’ टिंग. ‘फक्त तुमच्यासाठी.’ ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीच्या ग्रीलला हात लावता येत नाही, झेंडूचे टेम्पो दादरच्या बाजाराकडे निघालेले असतात आणि माझ्या नवऱ्याचा फोन टीपॉयवर थरथरत असतो. यंदाही थरथरला. मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली.

समोर मी त्यांना ‘अहो’ म्हणते. कागदावर नाव घ्यायला हरकत नाही. रमाकांत. आयुष्यभर एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय टाचणीची डबीसुद्धा घ्यायची नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त आणि घरातलीही. लग्नात मला घेतलेला शालू त्यांनी तीन दुकानांत तीनदा पाहिला होता, हे त्यांच्या आईने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. “तुका पण तीन येळा येऊन बघल्यान,” असंही म्हणाल्या होत्या, आणि तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

पण लालबाग-परळमध्ये त्यांना कोणी स्टोअरकीपर म्हणून ओळखत नाही. त्यांची ओळख आवाजाची. थंडीत इथल्या मैदानांवर कबड्डीचे सामने लागतात, तिथे माइकवर रमाकांत. चढाईला निघालेल्या पोराबरोबर त्यांचा आवाजही निघायचा. आधी दबकत, मग कडेकडेने, आणि तो पोरगा मधल्या रेषेवर अंग झोकून द्यायचा तेव्हा यांचा आवाजही त्याच्याबरोबर रेषेवर पडायचा. मी घरी भाजी फोडणीला टाकताना ऐकायचे. कोण जिंकलं ते मला कधी विचारावं लागलं नाही.

घरी मात्र हा माणूस अगदी हळू बोलायचा. इतकं हळू की मला दोनदा “काय?” विचारावं लागे. बाहेर आवाज विकत नाही मी, नुसता उधळतो, तेव्हा घरी जपून वापरायला नको का, असं ते म्हणायचे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तो आवाज बसला. आधी काढा, मग गुळण्या, मग आपल्या डॉक्टरांच्या गोळ्या. मग परळचं कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल, जिथे आपल्या भागातली माणसं आयुष्यभर फक्त बाहेरून चालत जातात आणि आत जायची वेळ येऊ नये म्हणून मान वळवत नाहीत. आम्ही आत गेलो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. दिवाळीनंतरची तारीख दिली.

त्याच मजल्यावर बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम बसायच्या. त्या म्हणाल्या, “तारखेपर्यंत जितकं जमेल तितकं रेकॉर्ड करून ठेवा. साधं, रोजचं बोला. हल्ली त्यावरून कॉम्प्युटर तुमच्या आवाजात बोलू शकतो. तुम्ही टाइप करायचं, तो बोलणार.”

आमची मुलगी सायली लोअर परळला ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते. घरी येताना टॅक्सीत तिने फोनवर शोधाशोध सुरू केली. तयार सोय मिळत होती, पण दर महिन्याला पैसे भरायचे.

“माझ्याच आवाजाचं भाडं मी भरू?” रमाकांत पुढच्या सीटवरून म्हणाले. आवाज घोगरा, फाटलेला, पण त्यातली चीड स्पष्ट कळली. टॅक्सीवाल्यानेही मान वळवून पाहिलं.

“मग घरच्या मशीनवर करू, बाबा. प्रोग्राम फुकट आहे. पण आपल्या मशीनला तेवढा दम नाही. रॅम वाढवायला लागेल आणि एक ग्राफिक्स कार्ड घालायला लागेल.”

मला समजावं म्हणून ती पुढे म्हणाली, “आई, रॅम म्हणजे तुझा ओटा समज. छोट्या ओट्यावर तू एका वेळी किती भांडी मांडणार? आणि कार्ड म्हणजे जास्तीची शेगडी.”

“घेऊ,” रमाकांत म्हणाले. “पण सेल लागू दे.”

माझ्या घरात तो हंगाम असा सुरू झाला.

नवरात्राच्या त्या दिवसांचा वास मला अजून येतो. खालच्या गल्लीत मसाल्याच्या दुकानातून येणारा धण्या-मिरचीचा खकाणा, त्याने त्यांना येणारा खोकला, म्हणून सगळ्या खिडक्या बंद, आणि बंद खोलीत पंख्याखाली पंचा गुंडाळून बसलेले रमाकांत. समोर फोन, बाजूला सायलीचा टॅब, कपाळावर चष्मा. एकच ग्राफिक्स कार्ड चार ठिकाणी उघडून ठेवलेलं. एका ठिकाणी किंमत कमी पण पोचवायचा खर्च वेगळा. दुसऱ्या ठिकाणी एका ठरावीक बँकेचं कार्ड असेल तर सूट. ते कार्ड आमच्याकडे नव्हतं, शेजारच्या वाघमारे वहिनींकडे होतं. तर हे वहिनींकडे जाऊन बसले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, कार्डच घेऊन जा ना, विचारता काय?” ह्यांनी ते आणून देवासमोरच्या फळीवर ठेवलं आणि वापरलं नाही. “शेवटच्या दिवशी सूट वाढते,” म्हणाले.

कुठलीही वस्तू फोनवरच्या टोपलीत टाकून तशीच सोडून द्यायची, मग कंपनीला वाटतं गिऱ्हाईक चाललं, आणि ती मागून कूपन पाठवते, ही युक्ती त्यांना कोणीतरी सांगितली होती. ते सकाळी टोपली भरत आणि दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसत. कूपनाची वाट बघणारा तो पाठमोरा माणूस मला आठवतो. मी चहा नेऊन ठेवायचे. चहा गार व्हायचा.

एकदा उन्हात लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारातही जाऊन आले. तिथल्या दुकानदाराने ऑनलाइनपेक्षा थोडाच जास्त भाव सांगितला, लगेच बसवून द्यायलाही तयार होता. घरी येऊन खूश होते. “आता आपल्याकडे कोटेशन आहे,” म्हणाले. त्या घासाघिशीत इतकं बोलले होते की संध्याकाळी त्यांना घोट गिळताना डोळ्यांतून पाणी येत होतं.

रॅमचं मात्र उलटंच चाललं होतं. सगळ्या वस्तू सेलमध्ये खाली यायच्या आणि रॅम दर दोन-चार दिवसांनी वर जायची. सायली म्हणाली, जगात कुठे कुठे मोठमोठी यंत्रघरं बांधतायत, विचार करणाऱ्या कॉम्प्युटरांची, सगळी रॅम तिकडे ओढली जातेय. “बाबा, ही उतरणार नाही. आज घ्या.”

“चढलेलं सगळं उतरतं,” ते म्हणाले.

“आणि रेकॉर्डिंग? ते तरी सुरू करू. त्याला मशीन लागत नाही. माझ्या फोनवर होईल. मॅडमनी सांगितलंय ना?”

“मशीन येऊ दे. मग एकदाच बसून नीट करू. अर्धवट काम नको.”

सायली माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडे. त्यांना पैसे वाचवायचे होते हे खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण जोवर भाव उतरायचा होता तोवर मशीन यायचं नव्हतं, आणि मशीन यायचं नव्हतं तोवर त्यांना त्या फोनसमोर बसून स्वतःच्या आवाजाचा निरोप घ्यायचा नव्हता. हे मला कळत होतं. कळून काय करणार? हात धरून माणसाला डॉक्टरकडे नेता येतं. बोलायला कसं लावणार? एकदा पोळ्या करता करता मी म्हणाले, “अहो, घेऊन टाका ना आता. चार पैसे जास्त गेले तर गेले.” ताट पुढे ओढत ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माका कळता गे.” मालवणी ते फक्त आईशी बोलायचे, आणि आई जाऊन वर्षं झाली होती. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आवाज रोज थोडा कमी होत होता. दसऱ्याला शब्द फुटत होते. कोजागिरीला दूध मागताना त्यांनी पेला वर करून दाखवला.

मग हॉस्पिटलमधून फोन आला. खाट रिकामी झालीय, दिवाळीपर्यंत थांबायला नको, परवा सकाळी भरती व्हा.

सायलीने त्या क्षणी, फोन कानाला असतानाच, दुसऱ्या हाताने टॅबवर ऑर्डर टाकली. कूपन नाही, वाघमारे वहिनींचं कार्ड नाही. जो भाव होता त्या भावाला. रमाकांत बघत होते. त्यांनी अडवलं नाही. वस्तू यायला आठवडा लागणार होता.

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिने आमचं लाकडी कपाट सताड उघडलं. कपड्यांसमोर बोललं की आवाज घुमत नाही म्हणे. माझ्या साड्यांच्या थप्पीवर फोन उभा केला आणि त्यांना खुर्ची दिली. डांबराच्या गोळ्यांचा वास, दुमडलेल्या पैठणीची जर, आणि समोर गुडघ्यावर हात ठेवून बसलेला माझा नवरा. मॅडमनी दिलेली वाक्यं सायलीने मोठ्या अक्षरांत छापून आणली होती.

“मला पाणी हवं आहे,” त्यांनी वाचलं. “पंखा लाव. उशी उंच कर. डाव्या बाजूला दुखतं आहे.” थांबले. “अगो, हा माणूस चोवीस तास आजारीच आहे काय?”

“बाबा, मग दुसरं काहीही बोला. मनाला येईल ते.”

मैदानावर पोरांच्या पायांकडे बघत अख्खा सामना बोलणारा माणूस साड्यांकडे बघत गप्प बसला. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. सायलीला, मला. मी पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि त्या ऑर्डरचं पान वाचायला सुरुवात केली. कार्डची मेमरी इतकी. पंख्यांची संख्या दोन. बॉक्समध्ये काय काय येईल. वॉरंटीत काय बसत नाही. परत करण्याच्या अटी. एकेक शब्द गोदामातला माल उतरवून घ्यावा तसा, सावकाश, घशात खरवडत. मध्ये खोकला येई, पाण्याचा घोट घेत, पुढची ओळ. सायलीने थांबवलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच फोन साड्यांवरून उचलून तिच्या हातात दिला.

त्यांच्या घरातल्या आवाजाचं माझ्याकडे आज जे काही आहे, ते एवढंच आहे. एका ग्राफिक्स कार्डची माहिती. कधी कधी दुपारी मी ते ऐकते. वॉरंटीच्या अटी मला पाठ झाल्या आहेत.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर चांगलं झालं म्हणाले म्हणून मीही सगळ्यांना तेच सांगितलं. गळ्याला पुढून एक भोक, त्यातून श्वास. पार्सल आलं तेव्हा ते अजून वॉर्डात होते. दारात उभा असलेला कुरिअरवाला कोड मागत होता आणि कोड गेला होता त्यांच्या फोनवर, हॉस्पिटलात. सायलीने तिथून वाचून सांगितला. मी खोका घेतला आणि कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून देवासमोर ठेवला. त्या दिवाळीत आम्ही कंदील लावला, फराळ केला नाही. वाघमारे वहिनींनी चकल्या आणून दिल्या आणि आपलं कार्डही घेऊन गेल्या.

पुढची गंमत, तिला गंमतच म्हणायला हवं, अशी. सायलीने मशीन सज्ज केलं. ओटा मोठा झाला, शेगडी वाढली. पण त्यावर शिजवायला काही नव्हतं. कपाटासमोरचं रेकॉर्डिंग फारच घोगरं आणि अर्धं इंग्रजी, त्याच्यावरून मराठी बोलायला मशीन शिकेना. मग तिने मंडळांकडून सामन्यांचे जुने व्हिडिओ मिळवले. त्यांत बाबांचा धडधाकट आवाज भरपूर होता. ती सुट्ट्या काढून गर्दीतून तो वेगळा करत बसायची, तांदळातून खडे काढावेत तसा. आणि संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी तिने त्यांच्यासमोर कीबोर्ड ठेवला.

त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं. मशीन जरा थांबलं. आणि मग खोलीत रमाकांतचा आवाज कडाडला, “भात थोडा वाढ!”

पोरगा रेषेला शिवला होता जणू. भाताचा ‘भा’ दबकत आला आणि ‘वाढ’ उसळी मारून गेलं. शब्द संपल्यावर मागे गर्दीची बारीक लाट उठली आणि विरली. मशीनला त्यांचा तोच एक आवाज माहीत होता. हळू बोलणारा रमाकांत त्याने कधी ऐकलाच नव्हता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी भात वाढला. सायली तोंड दाबून हसत होती, आणि त्यांनी पुन्हा टाइप केलं, “वरण!”

घरात ते फार वापरत नाहीत. हातवारे करतात, पाटीवर लिहितात. हॉस्पिटलने दिलेलं, गळ्याला लावून बोलायचं ते गुणगुणणारं यंत्र त्यांनी एकदा लावून परत दिलं. रात्री अंगावरचं पांघरूण सरकलं तर मला कोपराने ढोसतात. मैदानावरचं बोलणं घरात मोठं वाटतं. आणि मला, खरं सांगायचं तर, ते ऐकून आनंद व्हावा की होऊ नये हे अजून ठरवता आलेलं नाही.

तर यंदा फोन पुन्हा थरथरला. त्यांना नवा कीबोर्ड हवा होता, मोठ्या बटणांचा, हलका. दोन आठवडे भाव पाहिला. उतरला तेव्हा घेतला. आला तर त्याची तीन-चार बटणं दाबली जाईनात. परत करायचं पान उघडेना. शेवटी गेल्या मंगळवारी दुपारी मी त्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर ठेवला. एक मुलगी बोलली, हिंदीतून, गोड, घाईत.

“मॅडम, अकाउंट होल्डर से ही बात करनी पड़ेगी.”

“वो बोल नहीं सकते,” मी म्हणाले.

“कोई बात नहीं, जब फ्री हों तब बात करा दीजिए.”

ज्या वाक्याने वर्षभर सगळे चूप होतात, ते वाक्य तिला नुसतं कामात असल्याचं वाटलं होतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. थांब. जुना कीबोर्ड पुढे ओढला. टक टक टक.

“हॅलो? मॅडम?” ती मुलगी.

“बोलिए मॅडम! मैं रमाकांत बोल रहा हूं!”

पलीकडून, “सर, प्लीज चिल्लाइए मत. मैं हेल्प करूंगी.”

“सॉरी मॅडम!” आणखी जोरात. मी तोंडावर हात ठेवला.

ऑर्डर नंबर, पत्ता, जन्मतारीख. प्रत्येक उत्तराआधी टक टक, प्रत्येक उत्तराआधी तिचं “हॅलो?”, आणि मग आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चढाई. तिचा स्वर हळूहळू नरमला. शेवटी तिने विचारलं, “सर, पीछे बहुत पब्लिक की आवाज आ रही है. आप बाहर हैं क्या?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गळ्यावरचा रुमाल श्वासाबरोबर वर-खाली होत होता. मला वाटलं आता खरं सांगतील, मला सांगायला लावतील. ते परत पडद्याकडे वळले आणि बराच वेळ टाइप करत राहिले. तिने दोनदा हॅलो म्हटलं.

“ग्राउंड पे हूं, मॅडम! कबड्डी का मॅच चालू है! कॉमेंट्री मैं ही कर रहा हूं!”

“अरे वा!” ती मुलगी मोकळी हसली. “तो सर, मैं जल्दी करती हूं. आपका रिफंड हो जाएगा. आप मॅच कीजिए.”

फोन बंद झाला. त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला, रुमाल नीट केला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पैसे परवा खात्यात आले.

आमच्या इमारतीत, गल्लीत, मैदानावर, नातेवाइकांत, सगळ्यांना ठाऊक आहे. भेटतात तेव्हा तेही हळू बोलायला लागतात. पण कुठल्याशा शहरात, कुठल्याशा टेबलाशी बसणारी एक मुलगी आहे. तिच्या लेखी मंगळवारी दुपारी माझा नवरा मैदानावर होता आणि माइक त्याच्या हातात होता. जगात असं समजणारी ती आता एकटीच आहे. तिने फोनवर पुन्हा एकदा ‘हॅलो’ म्हटलं असतं तर मी तिला खरं सांगितलं असतं का, मला माहीत नाही.